आंबेगांवची बंदूक

वैशाखांत जुन्नर-आंबेगांवाकडे फिरावें असें आमचें वय आतां उरलें नाहीं, असा घरांतील लहानथोरांचा एकमुखी निकाल पडला होता. ऊन मनस्वी, एस. टी.ला लग्नसराईची गर्दी, आणि त्यांत आमचा उजवा गुडघा! तरीहि आम्ही निघालों. कारण काम दुसऱ्याच्या हातून होण्यासारखें नव्हतें. वीस-बावीस वर्षांपूर्वीं आमच्या लेखणींतून एक वाक्य सुटलें होतें, आणि तें आतां देशोदेशीं हिंडत आहे असें आम्हांस कळलें होतें.

हकीकत अशी. आम्ही जुन्नरास शिक्षक असतांना आंबेगांवचा एक मुलगा मामाकडे राहून आमच्या शाळेंत शिकत असे. घराणें जुनें, वतनदार. चाळीसएक वर्षांपूर्वीं भीमाशंकराची सहल नेली असतां आम्ही वांकडी वाट करून मुलांसह त्यांच्या वाड्यांत उतरलों. ओसरीवर खुंट्यांना एक लांबलचक बंदूक टांगलेली होती. मुलाच्या आजोबांनीं पोह्यांच्या ताटल्या पुढें करीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांचे कोणी पूर्वज शिवनेरीच्या शिबंदींत होते. दुसरी, ही बंदूक घरांत 'फार दिवसांची' आहे. ह्या दोन गोष्टी त्यांनीं निरनिराळ्या सांगितल्या होत्या. पुढें शाळेच्या स्मरणिकेंत लेख लिहितांना आम्हीं त्या एका दोऱ्यांत ओंवल्या. '१८१८ सालीं शिवनेरीवर इंग्रजांशीं झुंजलेली बंदूक आंबेगांवच्या एका घराण्यांत आजहि पाहावयास मिळते,' असें आम्हीं छापून टाकलें. वाक्य कानाला गोड लागलें. आम्हांस तेवढें पुरें होतें.

गेल्या चैत्रांत त्याच विद्यार्थ्याचा फोन आला. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. मध्यंतरीं डिंभें धरण झालें आणि जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें. पाणी येण्याआधीं ह्या मंडळींनीं वाड्याच्या तुळया, खांब, दारें उतरवून घोडेगांवाजवळ नवें घर बांधलें होतें. त्या घराचीहि आतां चौघां भावांत वांटणी व्हावयाची म्हणून सामान काढतां काढतां माळ्यावर गोणपाटांत गुंडाळलेली ती बंदूक निघाली. थोरल्याच्या पुतण्यानें तिचीं छायाचित्रें काढून इंटरनेटवर टाकलीं. दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकें उभीं राहिलीं, त्यांतलें एक परदेशचें. आणि छायाचित्राखालीं वर्णन म्हणून काय असावें? आमचें वाक्य! शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें स्मरणिकेचीं पानें केव्हांच नेटवर चढविलीं होतीं. पुतण्यानें गांवाचें नांव व 'बंदूक' हा शब्द टाकतांच तें पान पुढें आलें.

"गुरुजी," विद्यार्थी म्हणाला, "आपण एकदां या, आणि हीच ती बंदूक म्हणून दोन ओळी लिहून द्या. लेखी मिळालें तर किंमत वाढवीन असें घेणारा म्हणतो."

आमच्या पोटांत गोळा आला.

पुण्याहून नाशिकचा रस्ता राजगुरुनगर, मंचर असा करीत नारायणगांवास पोहोंचतो. ह्या मुलखांत आतां उसाचीं शेतें फार, आणि उसांत बिबटे फार. पूर्वेस खोडदच्या परिसरांत आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या तीस प्रचंड तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आमच्या शेजारच्या सीटवर टोमॅटोच्या बाजाराहून परतणारा एक शेतकरी होता. त्याचें लक्ष तबकड्यांकडे नव्हतें. तो मोबाईलवर दुसऱ्या एका बाजाराचा भाव पाहत होता.

जुन्नरास एका मित्राकडे उतरलों. पहांटे शिवनेरीवर निघालों, परंतु सात दरवाज्यांपैकीं पांचच चढून शिवाईच्या देवळाशीं टेकलों. येथूनच आम्ही दरवर्षीं मुलांना खालचें जुन्नर दाखवीत असूं. सातवाहनांचीं लेणीं, १६३० चा शिवजन्म, १६५७ सालीं महाराजांनीं रात्रींतून जुन्नर मारलें ती कथा, आणि शेवटीं १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतलेले हे सारे किल्ले. येथवर सर्व ठीक. पण आम्ही येथें न थांबतां पुढें जात असूं. आपल्या पूर्वजांना बंदूक ठाऊक होती, शुक्रनीतींत तिला नालिक म्हटलें आहे, आणि पांच भाग सोरा, एक भाग गंधक व रुई-निवडुंगाचा कोळसा असें दारूचें प्रमाणहि दिलें आहे, हें आम्ही ठासून सांगत असूं. मद्रासच्या गुस्ताव ओपर्ट ह्या पंडितानें १८८० सालीं हेंच मत मांडलेलें. त्यांचें नांव घेतलें कीं वर्गांत कोणी प्रश्न विचारीत नसे. निवृत्तीनंतर नातवानें संगणक शिकविला तेव्हां ओपर्टचें मूळ पुस्तक घरबसल्या वाचावयास मिळालें. त्याच आठवड्यांत हेंहि कळलें कीं, लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालींच शुक्रनीति हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला असल्याचें साधार प्रतिपादिलें होतें. आम्ही त्या वेळीं प्राथमिक शाळेंत होतों! म्हणजे आम्ही शिक्षक झालों त्याच्या कितीतरी आधींपासून उत्तर तयार होतें, पण तें जुन्नरपर्यंत आलें नव्हतें. आणि खरें बोलावयाचें तर आम्हीं तें मागितलेंहि नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं घोडेगांव. घर अर्धें उकललेलें. अंगणांत जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया ओळीनें रचलेल्या, आणि मधोमध जाजमावर ती बंदूक. चौघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलें सारीं जमलीं होतीं. आम्हांस खुर्ची दिली, चहा दिला, कागदहि दिला.

आम्हीं हात लावण्यापूर्वीं तो पुतण्या पुढें आला. पोरगा इंजिनियरिंगला आहे, बोलणें थोडकें. "गुरुजी, एक मिनिट. हें पहिल्यांदा करायचं असं सगळीकडे लिहिलंय." त्यानें सर्वांस बाजूला सारलें, एक लांकडी काठी नळीच्या तोंडांतून हलकेच आंत सोडली, तोंडाशीं खूण केली, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली. ठासणीची बंदूक रिकामी असेल तर काठी पार बुडापर्यंत पोहोंचली पाहिजे. ती चार बोटें अलीकडेच अडली होती.

"भरलेली आहे," तो म्हणाला.

बायकांनीं मुलांना परसांत नेलें. आमच्या डोळ्यांपुढें तीं सहलीचीं चाळीस मुलें उभीं राहिलीं. ह्याच नळीखालीं त्यांना मांडी घालून बसवून आम्हीं पोहे खाऊं घातले होते!

पोलीस ठाण्यांत वर्दी दिली. परवानाधारक कारागीर पुण्याहून यावयास दोन दिवस लागले. ते दोन दिवस बंदूक एका खोलींत कुलपांत, आणि आम्ही व पुतण्या ओसरीवर, असें गेलें. ह्या दोन दिवसांत आम्हीं जें पाहिलें तें आमच्या पिढीच्या माणसाला चमत्कारासारखें वाटावें. जुन्या हत्यारांची माहिती मिळविणें म्हणजे काय होतें, हें आम्हांस ठाऊक आहे. राजवाडे गांवोगांव पायपीट करून दप्तरें गोळा करीत; १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें तें त्याच तळमळींतून. दिनकर केळकरांनीं आपलें पुण्यांतील संग्रहालय घरोघर हिंडून, एकेक वस्तु मागून, विकत घेऊन उभें केलें. आमच्यासारख्यानें एखाद्या बंदुकीविषयीं विचारावयाचें तर पुण्यास जावें, कपाटाच्या कांचेंतून पाहावें, चिठ्ठीवर दोन शब्द असतील ते उतरून घ्यावे व परत यावें. कांचेंतली बंदूक उलटी करून दाखवा असें कोणास म्हणणार?

आतां पोरानें मोबाईल आडवा धरला आणि इंग्लंडांतील लीड्सचें शस्त्रसंग्रहालय ओसरीवर आलें. एकेक बंदूक चहूंबाजूंनीं, घोडा, चाप, दस्ता, नळीवरच्या खुणा, सर्व जवळून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें तर २०१७ सालीं सुमारें पावणेचार लाख छायाचित्रें कोणासहि मोफत वापरण्यास खुलीं केलीं. एगर्टनचें हिंदी शस्त्रांवरचें १८८० चें पुस्तक, पुणें जिल्ह्याचें १८८५ चें गॅझेटियर, हीं जुन्या ग्रंथालयांतलीं धूळ खाणारीं पुस्तकें अक्षरशः आमच्या मांडीवर उघडलीं.

पहिल्या दिवशीं काढलेल्या छायाचित्रांत घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर एक आकृति दिसत होती. मागल्या पायांवर उभा सिंह, पुढल्या पंजांत कांहींतरी गोल. घरांत सर्व जण त्यास नरसिंह समजत व खंडेनवमीला त्याला गंध लावीत. पोरानें लीड्सचें चित्र शेजारीं ठेवलें. तोच सिंह, आणि पंजांत मुकुट. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. पूर्वीं कंपनीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराची खूण असे. १८०८ च्या सुमारास तिच्या जागीं हा सिंह आला.

आम्हांस अजून आशा होती. "शत्रूची हिसकावून घेतलेली असेल," आम्ही म्हणालों. माणूस आपलें वाक्य वांचविण्यासाठीं काय काय करतो!

पोरगा हंसला नाहीं, हें त्याचें सौजन्य. त्यानें घोड्याखालीं बोट ठेवलें. १८१८ सालच्या बंदुकींत तेथें गारगोटी व रंजकाची लहानशी पाळ असावयास हवी. चाप ओढला कीं गारगोटीची ठिणगी रंजकांत पडते व तेथून जाळ नळींत जातो. ह्या बंदुकीला पाळ नाहीं. तेथें एक पोकळ खुंट आहे, त्यावर तांब्याची टोपी बसवावयाची आणि घोड्यानें ती ठेंचावयाची. ही टोपीची बंदूक. ह्या युक्तीचें मूळ मोठें गमतीचें आहे. स्कॉटलंडांत फॉर्सिथ नांवाचा एक पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकाचा भडका पाहून पक्षी बार येण्याआधींच उडून जात, म्हणून त्यानें ठोक्यानें पेटणारी दारू बंदुकीला लावली व १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु इंग्रजांच्या पायदळाला टोपीच्या बंदुका मिळूं लागल्या त्या १८४० च्या आसपास.

"जुनी गारगोटीची बंदूक मागाहून टोपीची केली असेल तर?" हा प्रश्न मात्र आम्हीं बरा विचारला, कारण पोरगाहि थबकला. तसें पुष्कळ बंदुकांचें केलेलें आहे. पण मग पाळ व तिची कमान काढल्यावर पट्टीवर स्क्रूचीं भोंकें राहतात, तीं बुजविल्याच्या खुणा दिसतात. अशा बदललेल्या पट्ट्यांचीं वीसएक चित्रें त्यानें दाखविलीं. मग आमची पट्टी मोठी करून पाहिली. साफ, अखंड. शिवाय सिंह नकली असण्याचाहि संभव त्यानें तपासला. खैबरकडचे कारागीर कंपनीच्या खुणा स्वतःच्या बंदुकांवर ठोकीत, कधीं अक्षरें उलटीं, कधीं सालच भलतें, आणि गोऱ्या सोजिरांना त्या विकीत. आमचा सिंह अस्सल निघाला. म्हणजे बंदूक खरी, पण १८४० च्या पुढची. शिवनेरी पडल्याला तेव्हां वीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

संध्याकाळीं आम्हीं हें चौघां भावांस सांगितलें. तिघे गप्प बसले. धाकट्यानें विचारलें, "म्हणजे तुम्ही लिहून देणार नाहीं?" त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च ह्या बंदुकींत त्यानें मनाशीं धरला होता, हें आम्हांस नंतर कळलें. आम्हीं नाहीं म्हटलें. तो उठून गेला.

तेव्हां माजघराच्या उंबऱ्याशीं बसलेल्या त्यांच्या मोठ्या काकू बोलल्या. वय अठ्ठ्याऐंशी, नजर अधू, वाणी खणखणीत. "अहो मास्तर, कसली शिवनेरी नि कसलं काय! ती डुकरांची बंदूक."

सर्वांनीं वळून पाहिलें.

"आमच्या आजेसासूबाई सांगायच्या. भात लोंबीला आलं कीं रानडुकरं उतरायचीं. त्यांचे मामंजी रात्रभर खाचरांतल्या माळ्यावर बसायचे ही घेऊन. एका कार्तिकांत भरून ठेवली, नि त्याच रात्रीं त्यांना पटकी झाली. दुसऱ्या दिवशीं गेले. मग कुणीं हात लावला नाहीं. भरलेली तशीच टांगून ठेवली."

"काकू, हें आधीं कसें सांगितलें नाहींत?" आमच्या तोंडून निघून गेलें.

"तुम्ही आलां होतां ना पोरं घेऊन, तेव्हां मी आंत पोहे परतत होतें. चाळीस ताटल्या. तुम्हीं विचारलंत कुठं?"

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

कारागीर आला. वयस्क, मितभाषी मुसलमान गृहस्थ. दोन पिढ्या हेंच काम. अंगण रिकामें करवून त्यानें आधीं आंत पाणी जिरविलें आणि मग मळसूत्री आंकडा लावलेल्या गजानें एकेक वस्तु बाहेर ओढली. प्रथम बोळा, मग मूठभर शिशाचे छर्रे, दुसरा बोळा, आणि शेवटीं ओली काळी दारू. गोळी नव्हतीच. वरचा बोळा त्यानें आमच्या हातावर ठेवला. कागद होता, जुना छापील, कडा काजळलेल्या. पाण्याच्या बशींत ठेवून चिमट्यानें उलगडतां उलगडतां निम्मा तुटला, पण उरलेल्यावर आंकड्यांचे उभे स्तंभ दिसले, आणि तें काय आहे हें सांगावयास आम्हांस कोणत्याहि संग्रहालयाची गरज पडली नाहीं. पंचांगाचें पान! तिथि, वार, घटी-पळें. माथ्यावर 'शके १८०' एवढें स्पष्ट. पुढचा आंकडा गेलेला. शके १८०० म्हणजे इ. स. १८७८-७९, तेव्हां तें दशक तेंच. त्याच १८७८ सालीं लिटनसाहेबाचा हत्यारांचा कायदा आला. देशभर लोकांचीं शस्त्रें मोजलीं जात होतीं, आणि आंबेगांवचा हा गृहस्थ जुन्या पंचांगाचा बोळा करून भाताच्या खाचरांत डुकरांची वाट पाहत बसला होता.

विक्रीचें पुढें कांहीं झालें नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत जुनाट हत्याराला सूट आहे, पण तें दुरुस्त करूनहि चालणार नाहीं असें असेल तरच. ही बंदूक तर टोपी मिळाली असती तर कदाचित् आजहि उडाली असती. तेव्हां परवान्यावांचून ती ठेवणें नाहीं, परवाना नसलेल्यास देणें नाहीं. परदेशच्या गिऱ्हाइकाचा प्रश्नच मिटला. शंभर वर्षांवरील पुराण वस्तु खाजगी माणसानें देशाबाहेर धाडणें १९७२ च्या कायद्यानें बंद आहे. इंटरनेटवर बोली लावणारे हें सांगत नाहींत. पुतण्यानें छायाचित्राखालचें वर्णन बदललें. कंपनीची, टोपीची, १८४० नंतरची, शेतराखणीची. तिन्ही गिऱ्हाइकें त्या रात्रींच गप्प झालीं. बंदूक रीतसर पावती घेऊन ठाण्यांत जमा केली. पुढें एखाद्या संग्रहालयाला देण्याचा अर्ज थोरल्यानें केला आहे.

दिलेल्या कागदावर आम्हीं दोन ओळींऐवजीं पंधरा ओळी लिहिल्या, सही-तारखेसह, आणि पोरानें त्यांचें छायाचित्र आमच्या जुन्या पानाशेजारीं चढविलें. मग सहज शोधून पाहिलें तर तें वाक्य आणखी दोन ठिकाणीं सांपडलें. एके ठिकाणीं कोणीं त्याचें इंग्रजी करून 'शिवनेरीच्या किल्लेदाराची बंदूक' अशी बढतीहि दिली होती. तेथें पोरानें आमच्या नांवानें दुरुस्ती धाडली आहे. उत्तर आलेलें नाहीं. म्हणून हा लेख.

निघण्याच्या दिवशीं काकूंनीं हट्ट धरला, म्हणून त्यांना गाडींत घालून डिंभ्याच्या फुगवट्याच्या कांठीं नेलें. वैशाखांत पाणी खूप मागें हटतें. भेगाळलेला गाळ, त्यांत जुन्या घरांचीं जोतीं, एका देवळाचे दगड, आणि खालपर्यंत पायऱ्यांसारखे गेलेले खाचरांचे बांध. काकूंना तें दिसत होतें कीं आठवत होतें, आम्हांस सांगतां येत नाहीं. पण हात नेमका उचलला. "तो तिसरा बांध ना, त्याच्या कोपऱ्यावर माळा होता."

पुतण्यानें मोबाईल काढून त्या कोपऱ्याचें छायाचित्र घेतलें. कांठाला एक आदिवासी म्हातारा जाळें वाळत घालीत होता. काकूंनीं त्याला हांक मारून विचारलें, "काय रे बाबा, डुकरं येतात का अजून?"

"येतात कीं," तो म्हणाला, "कालच वरच्या वाडींत सगळं उकरून गेलीं."